उतारावरची शिस्त

उजनीच्या काठी, डाळजच्या होड्या सोडायच्या उतारावर ऋषिराजची बोट यायच्या आठ दिवस आधी त्याचा फ्लेक्स येऊन लागला. निमगाव केतकीचा हा ऊसवाला गडी तोवर होडीत एकदाही बसला नव्हता. पण मोबाइलवर त्याने बोटींचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की पंचवीस वर्षं उजनीच्या पाण्यात काढलेल्या माणसांना शिस्त लावायला आता आपणच हवं, अशी त्याची खात्री झाली होती. फ्लेक्सवर एका बाजूला काळा चष्मा लावून हात जोडलेला ऋषिराज आणि दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत नियम. बोटीची सगळी तयारी वर सपाटीला करावी. उतार पाच मिनिटांत मोकळा करावा. पाण्यातून येणाऱ्याला आधी वाट द्यावी. बोट सोडण्याआधी तिच्या तळाचं बूच बसवल्याची खात्री करावी. नियम सगळे बरोबर होते, त्यामुळे कुणाला काही बोलताही येईना.

बोटीमागे खरं कारण लग्नाचं होतं. तेहतिशी गाठलेल्या ऋषिराजला चार स्थळांनी नकार दिला होता. चौथ्या स्थळाने तर ‘मुलगा फार बोलतो’ असं कारणही कळवलं होतं. आता सणसरच्या दादासाहेबांच्या सोनमचं जमत होतं. रविवारी दहा वाजता बापलेकीला उतारावरच बोलवायचं, नव्या बोटीतून रोहित पक्षी दाखवायचे आणि संध्याकाळपर्यंत होकार घ्यायचा, असा बेत ठरला. हे स्थळ गेलं तर पुन्हा कुणाकडे शब्द टाकणार नाही, असं ठमाबाई आत्याने बजावून ठेवलं होतं.

दादासाहेब मात्र आठलाच येऊन पोचले. दोन तास बसून काय करायचं म्हणून मुलीला घेऊन सोपान होडीवाल्याच्या होडीत बसले आणि पक्षी बघायला निघून गेले. ऋषिराजला याचा पत्ता नव्हता. त्याने बापलेकीला अजून पाहिलंही नव्हतं.

नऊच्या सुमारास जीप आली आणि तिच्यामागे ट्रेलरवर पांढरीशुभ्र बोट. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या डोळे मिटून मागे घेणारे ड्रायव्हर ऋषिराजच्या घरी होते, पण आज सगळं स्वतःच करून दाखवायचं होतं. ट्रेलर डावीकडे हवा तर चाक उजवीकडे फिरवावं लागतं, एवढं व्हिडिओत बहुधा सांगितलं नसावं. नऊ वेळा मागेपुढे केल्यावर ट्रेलर उताराच्या बरोबर मधोमध आडवा बसला. ऋषिराज खाली उतरला आणि म्हणाला, आता पूजा करून घेऊ.

तयारी वर सपाटीला करावी हा नियम बहुतेक देवांना लागू नव्हता. ठमाबाईंनी तिथेच ताट मांडलं. नव्या ट्रॅक्टरची चावी ताटात ठेवतात, तशी बोटीची चावी ठेवली. बूचही नवंच होतं, म्हणून तेही शेजारी ठेवलं. दोघांना हळदकुंकू लागलं, वर झेंडूची फुलं पडली. मग आरती, नारळ, पेढे आणि फोटो.

एवढ्यात सोपानची होडी परत आली. दादासाहेबांना साखरेचा आजार होता आणि घरून ते दोन कप चहा पिऊन निघाले होते. त्यांची अवस्था आता बघवत नव्हती. उताराच्या दोन्ही अंगांना मांडीइतका गाळ, त्यात पांढऱ्या विजारीतला हा माणूस उतरवणार कसा? सोपानने दुरूनच वाट मागितली.

ऋषिराजला डोक्यावर टॉवेल घेतलेला एक म्हातारा तेवढा दिसला.

“थांबा तितंच,” तो म्हणाला. “बोर्ड लावलाय न्हवं? शिस्त हाय का न्हाय काही?”

“बोर्डच वाचतीय,” होडीतून सोनम म्हणाली. “पाण्यातनं येणाऱ्याला आधी वाट द्यावी, असं लिहिलंय.”

“ते आमीच लिवलंय. आमाला नका शिकवू.”

दादासाहेबांनी गुडघे घट्ट जुळवून घेतले. बोलण्यासाठी लागणारं लक्ष त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

आणखी पंधरा मिनिटांनी ट्रेलर कसाबसा सरळ झाला. ऋषिराजने आठवणीने चावी उचलली. ठमाबाईंनी भक्तिभावाने फुलं, अक्षता आणि ताटात जे काही होतं ते सगळं पाण्याला अर्पण केलं. बोट सुटली, तरंगली, ऋषिराजने हात उंचावला आणि बोटीचं बूड हळूहळू खाली बसायला लागलं. दोन मिनिटांत ती उताराच्या तोंडाशी टेकली. आता उतार पुरता बंद झाला.

सोपानने बांबू सोनमच्या हातात दिला आणि गाळ तुडवत तो बोटीपाशी पोचला.

“बूच कुठाय?”

“ताटात,” ऋषिराज म्हणाला.

ठमाबाईंनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग पाण्यावर तरंगणाऱ्या झेंडूकडे. “ते व्हय? मी म्हनलं सुपारी हाय. म्हनून सोडली.”

सोपानने इकडेतिकडे पाहिलं, कोयत्याने फ्लेक्स खाली काढला आणि हाताला लागेल तो तुकडा फाडला. नेमका चष्म्यासकट ऋषिराजचा चेहरा फाटून आला. त्याची घट्ट गुंडाळी करून सोपानने ती भोकात ठोकून बसवली. पाणी थांबलं. बादल्यांनी बोट उपसून बाजूला ओढली. जीप आणि ट्रेलर सोपाननेच एका दमात वर काढले.

उतार मोकळा होताच होडी लागली आणि दादासाहेब कुणाकडेही न बघता वेड्या बाभळींच्या दिशेने धावत गेले. ते परत येईपर्यंत सोनमने आत्यांना आपलं नाव-गाव सांगितलं होतं. ऋषिराज पाया पडायला वाकला. आयुष्यात पहिल्यांदाच तो गप्प होता, पण आता त्याचा काय उपयोग? दादासाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, बोटीच्या बुडाकडे एकदा निरखून पाहिलं आणि ते गाडीत बसले.

संध्याकाळी ठमाबाईंनी धीर करून फोन लावला. दादासाहेब शांतपणे बोलले. घर चांगलं आहे, शेती चांगली आहे, आमच्याकडून राग नाही, असं म्हणाले. मग मुलीचं काय म्हणणं आहे, असं ठमाबाईंनी विचारलं. पलीकडे फोन सोनमने घेतला.

“आत्या, बोटीचं पाणी थांबवलं त्या फोटोतला मुलगा असंल तर करू,” ती म्हणाली. “कामाचा हाय. बोलनारा नको.”