बारा घासांची मोहीम आणि पालथा हात

श्रीअन्नपूर्णा समर्थ. जिने चूल निर्माण केली आणि जिच्या कृपेने काही पदार्थ चुलीवाचूनही सिद्ध होतात, त्या देवीस दंडवत घालून ही हकिकत लिहिण्यास घेतली आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, पौष मास. तिथी लेखकास स्मरत नाही, परंतु वार रविवार होता हे पक्के, कारण रविवार हा मासळीस मोकळा वार आणि दुसऱ्या वारी ही मोहीम निघतीच ना. ते समयी राज्यात राजश्री मुकुंदराव वालावलकर म्हणोन जकातखात्याचे निवृत्त अंमलदार होते. जन्माचे मासेखाऊ. स्वारी हातात पिशवी घेऊन बाजारात निघाली की कोळणी शिळा माल आपसूक फळीखाली सारीत, आणि बांगड्याचा कल्ला नुसता उचलोन पाहिला की तो काल धरला की आज, हे सांगत, आणि ते खोटे ठरले ऐसे कधी जाहले नाही. ही एक ख्याती. दुसरी ख्याती ऐसी की, मुकुंदरावांनी जन्मात कोणाच्या पंक्तीत काही मागून घेतले नव्हते. पहिल्या वाढीस "पुरे" म्हणावे, पानावर हात पालथा धरावा, मग वाढणाराने आग्रह करावा, मग पुन्हा "पुरे पुरे" म्हणावे आणि मग पोटभर जेवावे, हा त्यांचा दस्तूर. आणि पदार्थ जितका अधिक आवडे तितके "पुरे" अधिक मोठ्याने निघे. एकदा व्याह्यांच्या घरी आग्रह करणारे कोणी निघाले नाही, तेव्हा स्वारी अर्धपोटी उठली आणि वाटेत नाक्यावर उभी राहून दोन वडापाव खाती जाहली, परंतु मागितले नाही ते नाहीच.

ऐशा मुकुंदरावांस केतकी नामे एकुलती कन्या. पेढीवरची बरी चाकरी होती, ती दोन वर्षांमागे सोडून ती मोरिता नामक जपानी उस्तादांच्या हाताखाली सुशी करावयास शिकू लागली. सुशी म्हणजे सिरक्यात कालवलेल्या भाताचे अंगठ्याएवढे गठुळे आणि त्यावर मासळीचा काप, बहुतकरून कच्चा. ते ऐकोन मुकुंदराव पराकाष्ठेचे संतापले आणि बोलिले, "कच्ची मासळी मांजर खातं. एवढं शिकवलं ते मांजरं जेवू घालायला?" तीही बापाचीच लेक. म्हणाली, "मग मांजर होऊन या एकदा, बाबा." झाले. त्या दिवसापासून बापलेकीत अबोला पडला, लेक वेगळे बिऱ्हाड करून राहिली आणि दोन वर्षे जो काही निरोप तो आई सुमतीबाई यांचे मार्फत जाऊ लागला, की "तिला सांग, तिचं टपाल आलंय इथे" आणि "त्यांना सांग, बीपीची गोळी घ्या." मुकुंदराव वरून पत्थर, आतून ऐसे की लेकीची खोली रोज सकाळी स्वतः झाडीत आणि ते कोणास कळो देत नसत. सुमतीबाईंस कळले होते.

त्या रविवारी सकाळी सुमतीबाईंस लेकीचा फोन आला की, आज उस्ताद माझी परीक्षा घेणार. त्यांच्या दुकानाचा दस्तूर ऐसा की, शागिर्दाने घरच्या माणसास फळीपुढे बसवून बारा घास खिलवावे; बाराही भुकेने खाल्ले गेले तर शागिर्दाने त्या फळीमागे स्वतःच्या नावाने उभे राहावे, आणि पाहुणा मध्येच पुरे म्हणाला तर सुरी खाली ठेवावी आणि आणखी एक वर्ष तांदूळ धूत बसावे. "बाबांना आण," केतकी म्हणाली, "पण परीक्षेचं सांगू नकोस. तुला माझी शपथ. दयेनं खाल्लेलं मला नको." आता आणावे कैसे? सुमतीबाई मोठ्या मुत्सद्दी. त्या दिवशी त्यांनी बाजाराची पिशवी लपविली आणि ओट्यावर पडवळ चिरावयास घेतले. मुकुंदराव आत डोकावले आणि जागीच थिजले. रविवारी पडवळ! हा तर उघड वेढा. बाई मान वर न करता बोलल्या, "मी केतकीकडे जेवायला चाललेय. तुमच्यासाठी भाजी करून ठेवते." मुकुंदरावांनी घटकाभर तट लढविला, पडवळाकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि मग इस्त्रीचा सदरा मागवून म्हणाले, "तुला रस्ता सापडायचा नाही. सोबत येतो. खाणार नाही काही."

दोन प्रहरी स्वारी दुकानी दाखल जाहली. आत पाहावे तो एक अजब दरबार. गुळगुळीत लाकडाची लांब फळी, तिच्यामागे सुऱ्या, बर्फ आणि मासळी, आणि पुढे आठ उंच आसने. रयतेची गंमत काय सांगावी! एक गृहस्थ काड्यांनी घास उचलो जाता तो सटकून वाटीत पडला आणि काळ्या रसाचे शिंतोडे त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर नक्षत्रांऐसे उमटले. एक बाई हिरवी चटणी दिसते म्हणोन वसाबी नामक नाकात चढणाऱ्या जहाल जपानी वाटणाचा गोळाच्या गोळा तोंडात टाकून बसल्या होत्या आणि आता दोन्ही हातांनी स्वतःस वारा घालीत होत्या. आणि एक जोडपे जेवणाची इतकी छायाचित्रे काढीत होते की घासांस वाटावे आपले लग्नच आहे. मुकुंदरावांनी हे सर्व पाहिले आणि मनात म्हणाले, फजितीचा कारखाना आहे हा. इतक्यात फळीमागून केतकी आली. अंगात पांढरा सदरा, डोईस फडके, हात धुऊन लाल झालेले. दोन वर्षांत वाळली होती. मुकुंदरावांनी ते पाहिले, परंतु तोंडातून इतकेच निघाले, "हं." तीही म्हणाली, "या." तिच्या पाठीशी उस्ताद मोरिता हात बांधून उभे राहिले. गृहस्थ साठीचे, मराठी बोलत ते मासळीबाजारात शिकलेले. मुकुंदरावांस पाहून मान लववून बोलिले, "मासा ताजा. बसा."

मग मोहिमेस आरंभ जाहला. पहिला घास माकूल मासळीचा आला. मुकुंदरावांनी काड्या बाजूस सारल्या, दोन बोटांनी घास उचलिला आणि डोळे मिटून तोंडात टाकिला, जैसे कोणी एरंडेल घ्यावे. तो कापाखाली दडविलेली वसाबी नाकात चढली आणि डोळ्यांतून टपटप पाणी. मग मात्र जिभेस गोडी लागली आणि स्वारी सावरून बसली. "बरं आहे," असे फळीकडे पाहून म्हणाले. दुसरा घास रावसाचा. तो चावावा लागलाच नाही. मुकुंदराव सुमतीबाईंकडे वळून दबल्या आवाजात पुसते जाहले, "काल धरलेला नाही हा. आजचा आहे. कोण देतं हिला?" बाई म्हणाल्या, "तीच आणते. पहाटे चारला बंदरावर जाते. कल्ला उचलून बघते म्हणे." मुकुंदरावांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. आणि मग तिसरा घास आला तो बांगड्याचा. खुद्द बांगडा! मिठात आणि सिरक्यात मुरविलेला, पाठीवरची निळी नक्षी जैशीच्या तैशी, वर आल्याचा इवला चुरा. मुकुंदरावांनी साठ वर्षे बांगडा तिखल्यात खाल्ला, तव्यावर खाल्ला, निखाऱ्यावर भाजोन खाल्ला. परंतु हा तोंडात जाता समुद्रच घरी आला. बाळपणीची खाडी आठवली, वडिलांची होडी आठवली, आणि हे माझ्या पोरीच्या हातचे, ऐसे मनात येऊन आनंद छातीत मावेना. आणि त्या आनंदाच्या भरात, आयुष्यभराच्या सवयीने, मुकुंदरावांनी बशीवर हात पालथा धरिला आणि सगळे दुकान वळून पाहील इतक्या मोठ्याने बोलिले, "पुरे! पुरे!!"

केतकीचा चेहरा पांढरा पडला. तिने बापाच्या तोंडाकडे पाहिले नाही, हाताकडे पाहिले नाही; दोन वर्षे ज्या शब्दाचे भय धरिले होते तोच कानी आला म्हणोन तिने सुरी पुसली आणि फडक्यावर आडवी ठेविली. उस्तादांनी मान लवविली. इकडे मुकुंदराव आग्रहाची वाट पाहत बसले. एक पळ गेले, दोन गेली. कोणी "एवढा तरी घ्या" म्हणेना, कोणी "माझ्या गळ्याची शपथ" म्हणेना. पोटात भुकेचा आगडोंब, समोर बर्फावर निजलेला कुपा मासा, आणि मदतीस कोणी नाही. तेव्हा सुमतीबाईंनी शपथ मोडली. कानाशी लागून त्या कळवळून बोलिल्या, "अहो, काय केलंत हे! परीक्षा होती तिची. बारा घास खायचे होते तुम्ही. इथे आग्रह नसतो, एकदा पुरे म्हटलं की संपलं! गेलं तिचं वर्ष!"

हे ऐकता मुकुंदरावांच्या पायाखालची जमीन सरकली. जे व्याह्यांच्या घरी केले नाही, स्वतःच्या लग्नात केले नाही, ते त्या समयी साठ वर्षांचा मान बाजूस ठेवून, आठ आसनांच्या देखत केले. घसा खाकरून म्हणाले, "केतकी. मला आणखी पाहिजे. वाढ मला." एक "हं" सोडला तर दोन वर्षांत लेकीशी बोललेले ते पहिले बोल. केतकीचे डोळे भरले. परंतु उस्ताद पुढे जाहले आणि मान हलवून बोलिले, "पाहुणा बोलला पुरे. मग बायको कानात बोलली. मग भूक लागली. ही भूक नाही, दया. दया चालत नाही." वाजवी बोलणे. मुकुंदराव खाली मान घालून बसले आणि लाजेच्या भरात बशीवरचा पालथा हात उचलावयाचेही भान त्यांस राहिले नाही.

त्या हातावर केतकीची नजर गेली. आणि ती एकाएकी हसली, रडता रडता हसली, आणि बोट दाखवून बोलिली, "उस्ताद, हात बघा. बाबांचा हात बघा! आमच्या घरी तोंडानं म्हटलेलं पुरे खरं नसतं. आजी मला वाढायला शिकवायची तेव्हा सांगायची, पाहुण्याचं तोंड बघू नको, बोटं बघ. बोटं मिटलेली असली तर पोट भरलं. फाकलेली असली तर वाढ, तो नुसता लाजतोय. मी घाबरले, म्हणून बघितलंच नाही. चूक माझी." सगळे दुकान आसनांवरून उठून पाहू लागले, शिंतोडेवाले गृहस्थ उठले, वसाबीवाल्या बाई उठल्या, जोडप्याने छायाचित्रे थांबविली. उस्ताद मोरिता फळीवर ओणवे होऊन, ज्या नजरेने बाजारात मासळी पारखावी त्या नजरेने, मुकुंदरावांचा हात पारखू लागले. पाचही बोटे फाकलेली! मधून अख्खी पळी ओतावी आणि थेंब बाहेर न जावा इतकी फाकलेली! आणि हात तर बायको कानाशी लागण्यापूर्वीपासून तेथेच होता, हे सर्वांनी पाहिले होते. उस्ताद ताठ उभे राहिले आणि त्यांस ठाऊक असलेल्या मराठीतला सर्वांत मोठा शब्द त्यांनी उच्चारिला. "भूक," ते बोलिले, "ताजा!"

मग काय वर्णावे! केतकीने सुरी उचलली, कुप्याचा काप सोडविला, भात मुठीत वळला आणि म्हणाली, "बाबा, हात उलटा करा." मुकुंदरावांनी जन्मात पहिल्यांदा पालथा हात उताणा केला, आणि चौथा घास तिने थेट त्यांच्या तळव्यावर ठेविला. आणि मग कोळंबी आली, आणि मग तिसऱ्या म्हणजे शिंपल्या आल्या, आणि मग गोड अंड्याची वडी आली, आणि दर घासाला दुकानातली रयत मोठ्याने मोजू लागली, सात! आठ! नऊ! आणि मुकुंदराव शेजारच्या गृहस्थांस सांगू लागले की काड्यांच्या नादी लागू नका, देवाने बोटे कशास दिली आहेत, आणि माझ्या मुलीने पहाटे बंदरावरून आणलेला आहे हा, पेढीवर होती आधी, सोडली, बरेच केले. बारावा घास पुन्हा बांगड्याचा होता. तो खाऊन मुकुंदरावांनी बोटे पुसली. मग म्हणाले, "मी कच्चं कच्चं म्हणत बसलो, केतकी. कच्चा मीच निघालो. घरी ये गो आता. खोली रोज झाडतोय मी." आणि बशीवर हात पालथा धरिला. बोटे घट्ट मिटलेली. केतकीने पाहिले आणि सुरी आपण होऊन खाली ठेविली.

तेव्हा उस्तादांनी कमरेचे फडके सोडिले, ते केतकीच्या हाती दिले, फळीला वळसा घालून बाहेर आले आणि मुकुंदरावांच्या शेजारी पाहुण्यांच्या आसनावर जाऊन बसले. फळीमागे केतकी एकटीच राहिली. तिने नव्या मानाने पहिला घास वळला आणि उस्तादांपुढे ठेविला. उस्तादांनी तो खाल्ला, डोळे मिटले, शेजारच्या हाताकडे हळूच पाहून घेतले, आणि मग बशीवर आपला हात पालथा धरून गंभीर आवाजात बोलिले, "पुरे."

बोटे फाकलेली होती. तिने वाढले.

येणेप्रमाणे बारा घास सर जाहले, दोन वर्षांचा अबोला एका दुपारी मोडला, आणि वालावलकरांच्या घरी पुन्हा रविवारी पडवळ शिजले नाही. जैसे घडले तैसे लिहिले, पदरचे मीठ घातले ते चवीपुरते, आणि लेखणी धुऊन ठेविली.