इच्छा बराबर सांगायला लावणारे मगरे सर

मगरे सरांच्या दारावरून इच्छा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शाळेत जाणारी पोरं, दूधवाला, गॅसच्या टाक्या आणणारा, सगळ्यांना हा नियम. सर सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट पॅन्टमध्ये खोचून फाटकाशी उभे राहतात. पोरगं दिसलं की हात आडवा. पोरानं इंग्रजीतून एक इच्छा सांगायची. इच्छा कोणतीही चालते, पण सांगायची बराबर.

"आय विश आय वॉज अ ट्रॅक्टर," असं मागे एक पोरगं म्हणालं.

"माघारी!" सर म्हणाले. "हापशाला हात लावून ये अन् पुन्हा सांग."

पोरगं हापशापर्यंत पळत गेलं, पळत आलं. "आय विश आय वेअर अ ट्रॅक्टर."

"बराबर! जा शाळेत."

पोरानं ट्रॅक्टर व्हायला सरांची काही हरकत नाही. हरकत 'वॉज'ला आहे.

सर आमचे शेजारी. भोकरदनला त्यांची अन् माझी भिंत एकच आहे. त्यांनी जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजीचा अन् माझा संबंध गोळ्यांच्या पाकिटापुरता. तरी मला हे सगळं तोंडपाठ आहे, कारण सरांचा आवाज भिंत मानत नाही.

एकदा मी त्यांना विचारलंच. "सर, पोरानं वॉज म्हटलं काय अन् वेअर म्हटलं काय, तुमचं काय जातं?"

सरांना असं विचारणारं माणूस लागतंच. ते खुर्ची घेऊन भिंतीशी आले. "आक्का, मी राजा आहे का?"

"न्हाई."

"होतो का?"

"तुमचे वडील तर माझ्या सासऱ्यांसंगं खडी फोडायला जायचे."

"मंग! जे न्हाई, जे नव्हतं, त्याची इच्छा करायची तर क्रियापद रोजचं कसं चालंल? 'वॉज' हे घडून गेलेल्या गोष्टीचं. जी गोष्ट न्हाईच, तिला 'वेअर'. आय असो, ही असो, सगळ्यायला वेअर. इंग्रज माणूस इच्छेला वेगळा ड्रेस घालतो, आक्का. कारण इच्छा म्हणजे जे न्हाई ते."

"आमच्या सासूबाई रोज म्हणायच्या, 'दुसरी सून असती तर.' त्यायला कुणी इंग्रजी शिकवलं नव्हतं."

सरांनी खूश होऊन मांडीवर थाप मारली. "हे बिलकुल वेअरचं उदाहरण आहे!"

यानंतर ते माझ्या सासूबाईंचं वाक्य वर्षभर पोरांना उदाहरण म्हणून सांगत होते. गल्लीतल्या लहान पोरांनाही कळलं की मी सासूला पसंत नव्हते.

सरांच्या या नादाचा एकदा मोठा तमाशा झाला. आमच्याकडे एक भाऊ आहेत. नगरसेवकाच्या इलेक्शनला दोनदा पडलेले. त्यांच्या वाढदिवसाला चौकात मोठं बॅनर लावायचं होतं. भाऊंची पोरं सरांकडे आली. "सर, इंग्रजीत कायतरी भारी लिहून द्या. आमदारकीचं पण येऊ द्या त्यात."

सरांनी लगेच लिहून दिलं. वुई विश यू वेअर अवर आमदार. आमदारालाही त्यांनी इंग्रजी शब्दच वापरला होता, मी आपलं समजेल असं सांगते. बॅनर लागलं. भाऊ हात जोडून हसतायत, डोक्यावर हे वाक्य. भाऊंनी त्याखाली उभं राहून फोटो काढले, पेढे वाटले, सरांना शाल-श्रीफळ दिलं. मग जालन्याहून भाऊंचा जावई आला. तो कॉलेजात शिकवतो. त्यानं बॅनर वाचलं, पुन्हा वाचलं अन् सासऱ्याच्या कानात सांगितलं, "मामा, यात लिहिलंय की तुम्ही आमदार असता तर बरं झालं असतं, पण तुम्ही न्हाईत."

तासाभरात बॅनर खाली. पोरं सरांच्या दारात. "सर, तुम्ही आमच्या भाऊची इज्जत काढली!"

सर फाटकातून हलले नाहीत. "मी खोटं काय लिहिलं? आहेत का भाऊ आमदार?"

"न्हाई."

"मंग वेअर बराबर आहे."

 खोटं तर काही नव्हतं. शेवटी पोरं शाल परत घेऊन गेली. नारळ सरांनी आधीच फोडला होता.

असा हा माणूस. घरात मात्र एकटाच. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. एकच लेक, प्रज्ञा. ती घनसावंगीला दिलेली आहे अन् तिथंच शाळेत शिकवते. भोकरदन जालना जिल्ह्याच्या एका टोकाला, घनसावंगी दुसऱ्या टोकाला. आमच्या गल्लीत एप्रिलातल्या जयंतीला सगळ्या बौद्ध घरांच्या लेकी माहेरी येतात. अंगणात निळ्या पताका लागतात, घराघरात खिरीचा वास सुटतो. आम्ही धनगर, पण माझ्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, इतकी ताटं येतात. बायको होती तोपर्यंत प्रज्ञा दर जयंतीला यायची. बायको गेल्यापासून आली नाही.

सर मात्र दर वर्षी तयारी करतात. खोलीला चुना देतात. तिची खाट बाहेर काढून उन्हात टाकतात, नवी चादर आणतात, अन् मग पायरीवर बसून जालन्याच्या गाड्या मोजल्यासारखे बघत राहतात. गल्लीतल्या पोरी येतात, सरांच्या पाया पडतात. सर त्यांना विचारतात, "सासरी इंग्रजी बोलतीस का?" अन् पुन्हा रस्त्याकडे बघतात.

यंदा जयंती जवळ आली तशी त्यांनी पुन्हा चुना भिजवला. मला ते बघवेना. मी म्हटलं, "सर, प्रज्ञा येणार हाय का?"

"तिला नोकरी आहे, आक्का. संसार आहे. जमलं तर येईल."

"तुम्ही बोलावलं का?"

"रोज बोलावतो!" त्यांनी मोबाइल काढला. रोज सकाळी ते तिला मेसेज पाठवतात. प्रज्ञा रोज त्याला नुसता अंगठा पाठवते.

"मला इंग्रजी येत न्हाई. वाचून दाखवा."

"आय विश यू वेअर हिअर."

"म्हणजे?"

"तू इथं असतीस तर."

"असतीस तर काय?"

"पुढं काही नसतं. इतकंच असतं."

"मंग ये म्हणून कुठं लिहिलंय?"

सर माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी चूक नसलेल्या वाक्यात चूक काढली. म्हणाले, "आक्का, ती शिकलेली मुलगी आहे. तिच्यावर दबाव टाकायचा न्हाई, हे माझं पहिल्यापासून तत्त्व आहे."

हे तत्त्व सगळ्या गल्लीला माहीत होतं. प्रज्ञाच्या लग्नात सरांनी माईक घेऊन भाषण केलं होतं. त्यात म्हणाले होते की माझ्या लेकीला माहेरी आणायला कुणी मुराळी जाणार नाही. ती काय गाय आहे का, दावं धरून आणायला? तिला वाटेल तेव्हा ती आपल्या पायांनी येईल. मांडवात टाळ्या पडल्या. व्याह्यांनीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

आमच्या भागात सासरी गेलेल्या लेकीला माहेरचं माणूस घ्यायला जातं. बाप, भाऊ, मामा, कुणीही. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय सून उठून निघाली तर शेजारीपाजारी म्हणतात, भांडून चालली. सरांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या बायकोला ते मान्य होतं की नाही हे तिला कुणी विचारलं नाही. ती दर जयंतीच्या आधी सांगायची, "जालन्याला बहिणीकडं जाऊन येते." दुसऱ्या दिवशी ती यायची तेव्हा संगं प्रज्ञा असायची. "स्टँडवर भेटली," म्हणायची.

दर वर्षी स्टँडवरच भेटायची. दर वर्षी सर म्हणायचे, "बघा आक्का, आली की न्हाई आपल्या पायानं?"

मी "आली बाई" म्हणायचे. नवरा-बायकोच्या मधे मला काय करायचं होतं?

त्या दिवशी मी नातवाला फोन लावायला सांगितला अन् प्रज्ञाशी बोलले.

"काहून येत न्हाईस गं? बाप चुना लावून राह्यला."

 ती म्हणाली, "मावशी, घ्यायला कोण येतंय?"

"तुझ्या सासूनं आडवलं का?"

"न्हाई. सासूबाई म्हणतात, जायचं तर जा. पण गल्लीतल्या सगळ्या सुनायला कुणी ना कुणी न्यायला येतं. मी बॅग घेऊन एकटी निघायचं? पप्पांना माझी गरज असती तर आले असते. ते मेसेज पाठवतात. मेसेज तर ते सगळ्या ग्रुपवर पाठवतात."

मी फोन ठेवला अन् सरळ सरांच्या अंगणात गेले. ते चुन्याचा ब्रश हातात घेऊन उभे होते. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. जालन्याच्या बहिणीचं पण सांगितलं.

सरांचा ब्रश तसाच राहिला. चुना बुटावर गळत होता.

"स्टँडवर भेटत नव्हती ती?"

"भोकरदन ते घनसावंगी एसटीनं जायची तुमची बायको. गुडघे दुखत होते तरी जायची."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही माईकवर बोलल्ते. तुमचं तत्त्व राहावं म्हणून."

सर ब्रश बादलीत टाकून घरात गेले. मला वाटलं, राग आला असेल. आला तर आला.

दुसऱ्या दिवशी पोरं फाटकाशी येऊन थांबली. सरांनी हातच आडवा केला नाही. पोरं आपणहून "आय विश आय वेअर" करायला लागली, तर सर म्हणाले, "जा रे, जल्दी जा, शाळेला उशीर होईल." पोरं घाबरून एकमेकांकडे बघत गेली. सर भिंतीशी आले.

"आक्का, मुराळ्याला काय काय न्यावं लागतं?"

"शिदोरी लागते. अन् तोंड लागतं."

"ते आहे माझ्याकडं."

"तुमचं तोंड भाषणाचं हाय. हे मागायचं असतं. पोरीच्या सासूपाशी मागायचं."

त्यांचा चेहरा बघून मी ठरवलं, या माणसाला एकटं सोडण्यात अर्थ नाही. हे तिथं जाऊन व्याहिणीला क्रियापद शिकवतील. मी दशम्या भाजल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली अन् संगं निघाले.

जालन्याला गाडी बदलली. पुढच्या रस्त्याला सर ओठ हलवत बसले होते. मी कान दिला. पाठांतर चाललं होतं. "आपली हरकत नसती तर, आम्हाला असं वाटलं असतं की..."

"सर, तिथं 'असती' अन् 'असतं' केलं तर मी तिथूनच माघारी येईन."

"मंग काय म्हणू?"

"न्यायला आलो म्हणा."

"इतकंच?"

"इतकंच."

इंग्रजी शिकवून म्हातारा झालेला माणूस ते दोन शब्द घनसावंगीपर्यंत घोकत गेला.

व्याहीण दारातच होती. तिनं पाणी दिलं, चटई टाकली. प्रज्ञा शाळेतून यायची होती. सर चटईवर मांडी घालून, हात मांडीवर ठेवून बसले. तोंडी परीक्षेला पोरं बसायची तसे. मी कोपरानं ढोसलं.

"न्यायला आलो," सर एकदम मोठ्यानं म्हणाले.

व्याहीण दचकली. मग पदर सावरून म्हणाली, "दोन वर्षांनी आठवण झाली का, व्याहीबुवा?"

मला वाटलं आता भाषण येतंय. सरांनी खाली बघितलं.

"आठवण रोज होती. यायचं असतं, हे कळलं न्हाई."

व्याहीण माझ्याकडे बघत राहिली. मी दशम्यांचं फडकं सोडलं. ती उठली अन् तव्यावर भाजी गरम करायला टाकली. "जेवा मंग आधी," इतकंच म्हणाली. नाही म्हटलं नव्हतं, म्हणजे हो होतं.

दुपारी प्रज्ञा आली. गाडी लावताना तिला दारातले सरांचे बूट दिसले, मग सर दिसले. ती दारातच थबकली. सर उठून उभे राहिले.  सरांनी तेच सांगितलं, या वेळी हळू. "न्यायला आलो, बाळ."

प्रज्ञा आत गेली. आतून पाण्याचा आवाज आला, बादली आपटल्याचा, धुण्याचा. मी म्हटलं, ही रागावली की काय. थोड्या वेळानं ती साड्यांचा पिळा घेऊन अंगणात आली अन् तारेवर एकेक झटकून टाकायला लागली.

"पप्पा, या वाळल्या की निघू," ती म्हणाली अन् चहा ठेवायला गेली.

एप्रिलातलं घनसावंगीचं ऊन. अंगणात पाय ठेववत नाही. सर चटईवरून उठले अन् तारेखाली जाऊन उभे राहिले. मी हाक मारली, "सर, सावलीत या, चक्कर येईल." ते "आलो" म्हणाले, पण आले नाहीत. पहिल्या साडीला हात लावून बघितला. दुसरीला लावला. जाड काठाची होती तिला पुन्हा लावला.

व्याहीण चहा घेऊन दाराशी आली. "व्याही काय करून राह्यले उन्हात?"

"साडी वाळवून राह्यले," मी म्हटलं.

"वाळंल की ती. ऊन काय कमी हाय का?"

सरांनी काठाचं ओलं टोक उन्हाकडे फिरवलं अन् दोन्ही हातांनी ताणून धरलं.