शिस्तमंत्री मानसिंगराव यांची नदीपार मोहीम

श्रीकृष्णामाई प्रसन्न. शके अठराशे पंच्याऐंशी, श्रावणमास. सांगलीपासून चार कोसांवर कृष्णातीरी जे माध्यमिक विद्यालय, तेथील विद्यार्थी-मंत्रिमंडळाने पराक्रम केला, तो कागदी राहावा म्हणोन लिहिला असे. पराक्रम थोडका, फजिती उदंड. परंतु दोन्ही खरी, सबब दोन्ही लिहिली.

त्या साली निवडणूक होऊन दहावीतील मानसिंग शिस्तमंत्री जाहले. छातीवर तांबड्या साटिनची फीत आणि हाती वही, ऐसा सरंजाम मिळाला आणि त्यांस वाटले, आता राज्य आपले. मग हेडमास्तर लालासाहेब यांनी हुजूर बोलावून फर्मान केले की, अकराची घंटा जाहल्यावर जो येईल त्याचे नाव लिहावे आणि त्यास पहिला तास संपेतो पटांगणात उभे करावे. मंत्रिमंडळाचे काम याहून अधिक काय, हे कोणी सांगितले नाही आणि मानसिंगरावांनी पुसलेही नाही.

वहीत रोज तीच सात नावे पडत. पलतीरच्या वाडीहून नावेने येणाऱ्या सात मुली आणि त्यांची म्होरकी आठवीतील हरणा. वीस दिवस ही नावे लिहिली आणि शिस्तमंत्री आपल्या वळणदार अक्षरावर बेहद्द खूश राहिले. एकविसावे दिवशी हरणा पटांगणातून शांतपणे म्हणाली, "दादा, तुमी रोज नाव लिवता. उशीर का हुतो, ते कवा इचारलंय?"

मानसिंगरावांनी वही मिटली.

"पयला तास गणिताचा. पूर आल्यापास्नं गणित ऐकलं न्हाई. बा म्हणतोय, हुबंच ऱ्हायचं तर रानात ऱ्हा, तणाची भांगलण तरी हुईल. सोमवारपास्नं माजी साळा बंद."

हे ऐकोन शिस्तमंत्र्यांचे छातीत काही टोचले. प्रथम त्यांस वाटले फितीची टाचणी. परंतु फीत काढली तरी टोचणे राहिले. मग त्यांनी एकट्यानेच मसलत करून मोहीम ठरविली.

दुसरे दिवशी सकाळी पहिल्या नावेने, जी पुरात दहाच्या आधी सुटत नसे, नदी ओलांडून पलतीरी दाखल जाहले आणि मुली जमताच नावाडी यल्लाप्पा यांस हुकूम फर्माविला की, नाव तत्काळ सोडावी. यल्लाप्पाने विडी विझविली आणि म्हणाला, "मंत्रीसाब, हुकूम नदीला सांगा. पाण्याला वढ लय हाय. आदी नाव दोरानं काठाकाठानं वर न्यायची, मग सोडायची, तवा कुटं समोरच्या घाटाला लागती. वढाय उतारू कमी हाईत. धरा दोर."

आणि मानसिंगरावांनी पाहिले की, सातही मुली दप्तरे नावेत टाकून, परकर खोचून, दोरास लागल्या आहेत. मग तेही लागले. पन्नास पावले गेली आणि शिस्तमंत्री चिखलात पालथे जाहले. समोर शत्रू कोणी नव्हता, चिखलच पुरला. मुली हसल्या नाहीत, कारण हसत्या तर दोर सुटता. अर्धा मैल ऐसे ओढून नाव सोडली आणि मध्यधारेत असताना विद्यालयाची अकराची घंटा ऐकू आली. तो नाद आजवर त्यांस आपल्या सत्तेचा डंका वाटे. त्या दिवशी तसा वाटला नाही.

विद्यालयी पोहोचताच त्यांनी वही मागविली आणि पहिले नाव आपले लिहिले. मग सात नावे लिहिली आणि मुलींच्या रांगेत आठवे उभे राहिले. ते पाहोन सहलमंत्री, आरोग्यमंत्री आदिकरून सारे मंत्रिमंडळ वर्ग सोडून रांगेत आले. त्यांतील दोघे केवळ गणित चुकावे म्हणोन आले, हेही लिहिले पाहिजे.

हेडमास्तर छडी घेऊन आले. मानसिंगरावांनी नावेत जे भाषण जुळविले होते ते समूळ विसरले आणि एवढेच बोलले, "सर, दोर वढाय लागतो." बाकी सारे हरणाने सांगितले. लालासाहेबांनी वहीची पाने मागे उलटली, एकवीस पानांवर तीच सात नावे वाचली आणि छडी काखेत मारली. मग सर्वांस वर्गात पाठविले.

शनिवारी ते स्वतः पलतीरी गेले आणि हरणाच्या बापास भेटले. येताना दोर धरला की नाही, यास पुरावा नाही. परंतु धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाचे होते. मग फर्मान निघाले की, पाणी उतरेतो घंटा साडेअकरास व्हावी, तो अर्धा तास मधल्या सुटीतून वजा व्हावा, आणि मंत्र्यांनी नाव लिहिण्याआधी कारण पुसावे.

सुटी घटली म्हणोन रयत खवळली. कबड्डीच्या संघाने मानसिंगरावांशी बोलणे टाकिले आणि भिंतीवर खडूने त्यांचे चित्र निघाले, त्यास शेपूट होते. पुढील साली अकरावीत ते पुन्हा उभे राहिले, तेव्हा अकरा मते पडली. पैकी सात पलतीरची.

सबब नोंद ऐसी की, श्रावणातील त्या सोमवारी सातही मुली पहिल्या तासास वर्गात हजर होत्या. गुरुजींनी हरणास त्रैराशिक पुसले. तिचे उत्तर चुकले; परंतु वर्गात बसोन चुकले. मोहीम फत्ते जाहली.