थोरल्याचं उद्घाटन

नोंदणी कार्यालयातला मेनफ्रेम संगणक मंद चालतो, अशी तक्रार जनतेकडून आल्याने तिची गंभीर दखल घेण्यात आली. दखल घेणारे आमचे उपसंचालकसाहेब, आणि घेतलेली दखल निस्तरणारा मी, ऑपरेटर. या संगणकाला आम्ही 'थोरला' म्हणतो. एक अख्खी खोली अडवून तो दिवसभर घरघरत असतो. गावात कोण जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोण निवृत्त झालं, कोण गेलं, सगळं त्याच्या पोटात. थोरला सांगेल ते खरं. कागदावर वेगळं काही असेल तर कागद खोटा, असा नियमच आहे.

"साहेब," मी समजावलं, "थोरल्याची डिस्क म्हणजे माळा. वर चढा, शोधा, उतरा. कॅशे म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, सगळं हाताशी. कॅशेचं सेटिंग बदललं तर हा पळेल. नवी नोंद आधी ओट्यावर ठेवायची आणि सवडीने माळ्यावर चढवायची. सवड म्हणजे किती, ते आपण ठरवायचं. फक्त मध्येच वीज गेली तर ओटा साफ! माळ्यावरचं तेवढं राहतं."

साहेबांचे डोळे लकाकले. "म्हणजे काम झालं असं लगेच दिसतं, आणि प्रत्यक्षात ते नंतर केलं तरी चालतं?"

"चालतं, पण..."

"अहो, मग हे यंत्र कुठलं? हा तर आपला माणूस निघाला!"

चाचणी म्हणून पहिली नोंद साहेबांच्याच बढतीची घातली. जुने संचालक त्याच दिवशी निवृत्त होत होते. बोट उचलायच्या आत थोरला म्हणाला, 'नोंद झाली.' साहेब संचालक झाले आणि संचालक म्हणून पहिला आदेश त्यांनी हाच काढला: 'डिस्कवर लेखनाची घाई करू नये. योग्य वेळी योग्य तो निर्णय घेण्यात येईल.' योग्य वेळ आकड्यात बसेना, म्हणून थोरला घेईल तो सगळ्यात मोठा आकडा मी टाकला. निषेध म्हणून मान जरा सावकाश हलवली, ते मात्र नमूद करून ठेवतो.

मग काय विचारता! खिडकीवर माणूस नाव सांगून श्वास घेतोय तोवर त्याचं काम झालेलं असे. तक्रार खिडकी ओस पडली. तिथल्या बाईंना, म्हणजे आमच्या तक्रारबाईंना, रिकामा वेळ मिळू लागला. तो मी सत्कारणी लावला. मला ती फार म्हणजे फारच आवडायची. तिच्या वडिलांना मी अजिबात आवडायचो नाही. एके दिवशी भर दुपारी तिने 'हो' म्हटलं आणि आम्ही दोन खिडक्या ओलांडून लग्न नोंदवून आलो.

"इतकं पटकन झालं की नाही म्हणायलासुद्धा सवड मिळाली नाही!" ती खो खो हसत म्हणाली. सासरे मला दात आवळून 'जावईबापू' म्हणू लागले. मी हवेत होतो.

थोरल्याच्या वेगाची कीर्ती वर पोचली. खुद्द मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन ठरलं. फीत आली, हार आले, खुर्च्या आल्या. मंत्री बटण दाबून थोरला सुरू करणार होते.

"तो सुरूच आहे, साहेब," मी म्हणालो.

"तेच तर! सुरू असलेल्या यंत्राचं उद्घाटन होत नसतं. बंद करा."

मी हात जोडले. "आधी सगळं डिस्कवर लिहू द्या. दुपार उलटेल, पण..."

"मंत्री दुपारपर्यंत थांबतील?"

"साहेब, माझं लग्न आहे हो त्यात!"

"अहो, लग्न पुन्हा करता येतं. मंत्री पुन्हा येत नसतात."

"आणि तुमची बढतीसुद्धा..." एवढ्यात मंत्री आत आले आणि माझं वाक्य टाळ्यांत बुडालं. साहेबांनी स्वतः खटका खाली ओढला. घरघर थांबली. मंत्र्यांनी हसतमुखाने बटण दाबलं आणि थोरला ताजातवाना होऊन उठला. ओटा लख्ख!

जुने संचालक झाडांना पाणी घालायची झारी हातात घेऊनच हजर झाले, कारण थोरल्याने त्यांच्याकडे गैरहजेरीचा खुलासा मागवला होता. तशीच नोटीस गेल्या महिन्यात वारलेल्या एका गृहस्थांनाही गेली. तान्ही बाळं कडेवर घेऊन आलेल्या बायांना 'प्रसूतीला अवकाश आहे, आराम करा' असं सांगण्यात आलं. काडीमोड घेतलेली जोडपी पुन्हा नवराबायको झाली. त्यांतल्या एकाने माझे आभार मानले, बाकीचे मला शोधत होते.

सासरे मात्र प्रसन्न होते; लेकीला त्यांनी लगेच आपल्या घरी नेलं आणि मी मागोमाग पोचलो. "अहो ऑपरेटर," ते दारातूनच म्हणाले, "परक्या घरात असं घुसू नये."

तक्रारबाई त्यांच्या मागे उभी होती. "विचार की पुन्हा," ती हळूच म्हणाली.

"करशील लग्न?"

"एका पायावर! पण या खेपेला आधी डिस्कवर लिही, मग मी येते."

मी धावत जुन्या संचालकांकडे गेलो. सेटिंग तेवढं माळ्यावर शाबूत होतं आणि ते बदलायला त्यांची सही हवी होती.

"तो आदेश नव्या संचालकांचा," ते झारी खाली ठेवत म्हणाले, "आणि नोंदीनुसार नवे संचालक अजून झालेच नाहीत. म्हणजे आदेश निघालेला नाही. न निघालेला आदेश मी रद्द कसा करू?"

आणि संचालक झालेले आमचे साहेब आता पुन्हा उपसंचालक. त्यांना सहीचा अधिकारच नाही. तक्रार करावी, तर तक्रारबाई रजेवर, माहेरी. माहेर तरी कुठल्या तोंडाने म्हणू? लग्नच झालेलं नाही.

हसताय ना? हसा. उद्घाटनाला पुढच्या रांगेत तुम्हीच होता आणि माझं वाक्य तुमच्याच टाळ्यांत बुडालं. त्याआधी खिडकीवर तुमचंही काम झटपट, ओट्यावरच झालं होतं. 'याला म्हणतात कारभार' म्हणत, मागे वळूनही न बघता गेला होतात. आता सरळ घरी जा, बेल वाजवा आणि दार कोण उघडतं तेवढं बघा.