हमीदभाईचे टमाटे

आमचा शेजारी हमीदभाई रोज संध्याकाळी परदेशातून परत येतो आणि ओट्यावर बसून डावा पाय चोळतो.

मी विचारते, "काय रे, आज कुठं होतास?"

"फ्रान्स होता अक्का. लई ट्रॅफिक. क्लच दाबून दाबून पाय गेला."

हा माणूस दिवसभरात घराबाहेर पडलेला नसतो. फार तर कोपऱ्यावरून दूध आणलेलं असतं, तेही चालत, कारण त्याला सायकलसुद्धा येत नाही. परदेश त्याच्या घरातच आहे. एक नेटकॅफे बंद पडला तेव्हा तिथला एक कॉम्प्युटर त्यानं उचलून आणला. त्यात ट्रक चालवायचा खेळ आहे. कॉम्प्युटरला क्लच नसतो, बटणं असतात, हे मला नंतर कळलं. हा आपला उगीच फरशी दाबत बसतो.

हमीदभाईनं शहागंजात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जन्मभर बिल्टी फाडली. मालाबरोबर जो कागद जातो, कुणाचा माल, कुठून कुठं, ती बिल्टी. लुधियाना, गुवाहाटी, कोचीन, सगळी गावं त्याला तोंडपाठ. पण स्वतः कधी लासूर स्टेशनच्या पुढं गेला नाही. लासूर त्याची सासुरवाडी, आणि तिथं रेल्वे जाते. मोटारीत बसला की त्याला उलटी होते. रिक्षातसुद्धा होते. त्यामुळं जगाचे ट्रक भरून देणारा हा माणूस स्वतः कायम पायी.

त्याची बायको रजिया. तिचे वडील एसटीत कंडक्टर होते, आणि बाप गेला तरी पोरीचा आवाज कंडक्टरचाच राहिला. चांगली हिंडती फिरती होती तेव्हा ओट्यावर माझ्याशेजारी गहू निवडत बसायची आणि नवऱ्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणायची, "अक्का, सारी दुनिया का माल भेज्या इसने. मेरेको समुंदर दिखाव बोली, तो आज बोलता, कल बोलता. मेरी बिल्टी कब फाडता, पूछो जरा."

हमीदभाई आतून ओरडायचा, "गाडी भरेल तेव्हा!"

दोन वर्षांपूर्वी रजियाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा गेली. डावा हात तेवढा चालतो. आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर असते. मी रोज जाऊन बसते, काही बोलते, ती डोळ्यांनी ऐकते. आणि त्याच खोलीत, तिच्या पलंगाला लागून, या बाबाचा कॉम्प्युटर. मी आत पाय टाकला की लगेच त्याचा पडदा बंद. माणूस वडीलधाऱ्यासमोर बिडी लपवतो, तसा. म्हणून मी तो खेळ कधी बघितला नव्हता. फक्त ओट्यावरच्या बातम्या ऐकायची.

बघितला नसला तरी ऐकू यायचा. त्याची आणि माझी भिंत एक आहे. दुपारी जरा डोळा लागला की पलीकडून हमीदभाईचा आवाज, "जाऊ?" मग थोड्या वेळानं टण टण. मग परत, "जाऊ?" कधी टण, कधी टण टण. मला वाटायचं, डब्बा बंद पडला म्हणून पक्कडीनं मारतोय. पूर्वी रेडिओला मारायचे तसं. मी लाटणं घेऊन भिंतीवर आपटायची. "अरे मारू नको त्याला! आणखी बिघडेल!"

पलीकडून परत "जाऊ?", दबक्या आवाजात. मग हळूच टण टण.

आणखी एक. त्याची मान कायम आखडलेली. दोन महिने पट्टा लावून हिंडत होता. कारण टेबल असं तिरपं ठेवलेलं, की पडदा एकीकडं आणि हा दुसरीकडं. मी म्हटलं, "सरळ मांड की ते टेबल." म्हणाला, "नक्को अक्का. ऐसाच बराबर आहे." ज्याला सरळ टेबल मांडता येत नाही त्यानं ट्रक चालवू नये, असं मी त्याला तोंडावर सांगितलं.

आता मूळ गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात त्यानं टमाटे भरले.

"कुठं निघालास?"

"स्पेन. समुंदर के बाजू में बंदर है. वहाँ माल उतारना."

"किती लांब?"

"लई लांब. मधे एक घाट आहे. आपल्या कन्नडच्या घाटासारखा. घाट उतरला, की समोर समुंदर."

पण घाट काही उतरेना. तो जुना डब्बा घाटावर पोचेपर्यंत असा तापायचा की आपोआप बंद. परत चालू केला की गाडी मागच्या गावात. रोज संध्याकाळी हमीदभाई पडलेल्या चेहऱ्यानं ओट्यावर यायचा. मी विचारायची, "टमाटे?"

"घाटातच."

"आता चटणीसुद्धा होणार नाही त्यांची."

त्याला हे फार लागायचं. त्याचं एक ठरलेलं बोलणं आहे, माल पोचला पाहिजे. दंगल होवो, पूर येवो, ट्रकवाल्याचं लग्न असो, माल पोचला पाहिजे. ऑफिसात तो हेच ओरडायचा, घरात हेच. त्याच्या हातून सुटलेला माल वाटेत राहिला, असं कधी झालं नव्हतं म्हणे. आणि आता टमाटे. रोज भरतो, रोज घाटात.

शेवटी गेला शहागंजात कॉम्प्युटरवाल्याकडं. डब्बा न घेताच गेला, फक्त हकीकत सांगितली. डॉक्टरकडं पेशंट घरी ठेवून जातात तसं. दुकानदार म्हणाला, "चाचा, गरमीनं बंद पडतो. कूलर बदला. मोठा लावा."

हमीदभाईनं मोठा लावला. दुपारी हातगाडीवरून पत्र्याचा कूलर आला, हा एवढा, लग्नाच्या मांडवात ठेवतात तसला. तिन्ही बाजूंनी गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी. मला वाटलं, बरं झालं, रजियाला गार वारा लागेल. जाऊन बघते तर कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडं! हा घामाघूम, ती घामाघूम, आणि डब्बा महाबळेश्वरात.

"अरे, बायको उकडून निघतेय आणि तू पत्र्याला हवा घालतोस?"

"अक्का, थोडा दिन. डब्बा चला, तो सब चलेंगे."

यावर माझं डोकं फिरलं. त्यात पाणी. आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी येणं हा सण असतो. आल्यावर बायका पातेली, कळशा, लोटे, चमचेसुद्धा भरून ठेवतील. आणि हा माझ्याच ड्रममधून बादल्या नेऊन कॉम्प्युटरला पाजतोय. मी ड्रमला कुलूप लावलं. खरंच लावलं. ड्रमच्या झाकणाला कडी नव्हती, ती बसवून घेतली.

पण पाणी पोचायचं तेवढं पोचलं होतं. दोन-तीन दिवस डब्ब्यानं ओली हवा खाल्ली आणि मग आतून फट्ट आवाज आला. जळका वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत. मी धावत गेले. हमीदभाई कॉम्प्युटरवर हात ठेवून उभा होता. रजिया त्याच्याकडं बघत होती. मी बरंच काही बोलायला गेले होते. तसंच गिळून कूलरचं तोंड पलंगाकडं फिरवलं आणि घरी येऊन ड्रमचं कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर कॉम्प्युटर निघाला. मला रजियापाशी बसवून हमीदभाई बरोबर गेला. आल्यावर सगळं सांगितलं. दुकानदारानं डब्बा उघडला. आत धुळीची गादी, कूलरचं गवत, पालीची दोन अंडी. आणि सगळ्याच्या मधोमध तळहाताएवढा एक पंखा, धुळीनं गळा दाबलेला.

दुकानदार म्हणाला, "चाचा, कूलर म्हंजे ये."

हमीदभाई म्हणाला, "तुमने बोला मोठा लावा."

"मोठा म्हंजे इतना!" आणि दुकानदारानं हाताची ओंजळ करून दाखवली. मग त्यानं विचारलं, तुम्ही कुठला लावला. हमीदभाईनं हातगाडीपासून बादल्यांपर्यंत सांगितलं. दुकानदार हसता हसता स्टुलावरून खाली बसला. आजूबाजूची दुकानं गोळा झाली.  सगळ्यांचं हसून झाल्यावर हमीदभाई म्हणाला, "हो गया? अब बोलो. माल पोचना है. क्या क्या लगेगा?"

लागायला सगळंच लागणार होतं. आत वीज पुरवणारा डब्बा जळलेला. चित्र दाखवणारं कार्ड म्हातारं झालेलं. रॅम अपुरी. दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या. हा ऐकेना. "इसीच में बसाव." मग एकेक वस्तू येत गेली. कुठलं कार्ड कुणी काढून टाकलेलं, कुठली रॅम दुसऱ्या दुकानातली. तो रोज संध्याकाळी ओट्यावर मला हाल सांगायचा, दवाखान्यातल्या माणसाचे सांगतात तसे. "आज रॅम बसली. आज पेस्ट लावली."

"कसली पेस्ट?"

"ठंडा ठेवायची."

"डोक्याला लावून बघ," मी म्हटलं.

शेवटचं ते चित्राचं कार्ड इतकं लांब निघालं की जुन्या डब्ब्यात मावेना. दुकानदारानं हात टेकले. हमीदभाईनं पत्रा कापून घेतला. कार्डाचं टोक बाहेर, पायजम्याबाहेर गुडघा निघावा तसं. एक बाजू उघडीच राहिली. तिच्यावर रजियाची दुधावर झाकायची जाळी बांधली, पालींसाठी.

ज्या दिवशी तो डब्बा घरी आला, ते बघायला पाहिजे होतं. हातगाडीवर मधोमध कॉम्प्युटर, गोधडीत गुंडाळलेला. बाजूला हमीदभाई, एक हात डब्ब्यावर, भर उन्हात शहागंजापासून चालत. लोक विचारत होते, काय आहे, आणि हा कुणाला उत्तर देत नव्हता. नवरदेवाच्या घोड्याबरोबर चालतात तसा चालत होता. गल्लीत शिरल्यावर मला बघून म्हणाला, "अक्का, तुम्ही पण चला. आज माल पोचणार. कुणीतरी साक्षीला पायजे."

मी गेले. पलंगावर रजियाच्या शेजारी बसले. त्यानं वायरी लावल्या, बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. पूर्वी हा कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आत चहा उकळून व्हायचा, असं तोच सांगायचा. आता डोळ्याची पापणी लवायच्या आत समोर रस्ता! काय चित्र होतं! झाडाचं पान न् पान वेगळं. काचेवर ऊन पडलेलं. मी म्हटलं, "आणि याच्यात तू टमाटे सडवत होतास?"

तेव्हा माझ्या एक लक्षात आलं. मला सगळं नीट दिसत होतं. मान वळवावी लागत नव्हती. वाकड्या मानेनं बघत होता तो फक्त हमीदभाई. पडदा पलंगाकडं होता.

त्यानं डावा पाय फरशीवर दाबला आणि पुढं बघतच विचारलं, "जाऊ?"

माझ्या कानाशी टण टण वाजलं.

रजियाच्या डाव्या हातात स्टीलचा चमचा होता. उशीपाशी तो रोज असायचा, मला वाटायचं खायचा आहे. तिनं तो पलंगाच्या दांडीवर दोनदा मारला होता. एसटीत कंडक्टर मारतो तशी डबल बेल. गाडी निघाली.

"ट्रकला कंडक्टर कधीपासून रे?" मी विचारलं.

"काय करू अक्का. कंडक्टर की बेटी है. बेल के बगैर गाडी हलवू देत नाय."

सिग्नल आला, टण. हिरवा झाला, टण टण. एकदा यानं वळणावर घाई केली तर तिनं असा चमचा हाणला की मीच दचकले. हमीदभाई म्हणाला, "हौ हौ, थांबलो." मी साक्षीला आले होते, पण टमाट्यांच्या काळजीनं मीच पलंगाची कड घट्ट धरून बसले होते. घाट लागला. मी डब्ब्यावर हात ठेवून बघितला. गार. पहिलं वळण, दुसरं वळण. जिथं रोज अंधार व्हायचा ते वळण आलं.  गाडी वळली.

आणि समोर समुद्र. पडदाभर निळा. उजेड सगळ्या खोलीत, भिंतीवर, रजियाच्या तोंडावर.

मी ओरडलेच, "पोचला रे! पोचला!" आणि त्याच्या पाठीत एक धपका घातला.

त्यानं गाडी कडेला घेतली आणि उभी केली. खाली लाटा येत होत्या, जात होत्या. बंदर पुढं दिसत होतं. बराच वेळ गेला. मग त्यानं विचारलं, "जाऊ?"

टण.

तो थांबला. आणखी थोड्या वेळानं, "बंदर सामनेच है रजिया. जाऊ?"

टण.

मला राहवेना. एवढ्या खटपटीनं आणलेला माल, हाकेच्या अंतरावर, आणि हे दोघं रस्त्याच्या कडेला बसलेत. मी म्हटलं, "अरे हमीदभाई, टमाटे!"

"सडू द्या अक्का," तो पलंगाकडं बघून म्हणाला. "माल पोचला."

आणि फरशीवरचा पाय उचलून त्यानं खुर्चीवरच मांडी घातली.