धुक्यातला नववा खेळाडू

एल्क फेरी आणि ड्रम हिल या नदीच्या दोन काठांवरच्या गावांनी आपापले पोरांचे बेसबॉल संघ एक केले, ते काही प्रेम उतू चाललं होतं म्हणून नव्हे. पोरं पुरेनात म्हणून. इकडे सात उरली, तिकडे आठ. मैदानात लागतात नऊ. एकत्र आल्यावर मात्र उलटंच झालं. पोरं जास्त, जागा कमी. काल ज्याच्यावाचून संघाचं पान हलत नव्हतं, तो पोरगा आज बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चावत होता. बाकाच्या एका टोकाला एल्क फेरी, दुसऱ्या टोकाला ड्रम हिल आणि मधे म्हैस बसेल एवढी मोकळी जागा.

कोचही दोन. एल्क फेरीचे ऑरिन व्हास्को, खिळे-कुलपांचे दुकानदार. ड्रम हिलच्या डार्ला मॅकनल्टी, शाळेची बस चालवणाऱ्या. दोघांनी मैदान वाटून घेतलं होतं : चार जागा यांच्या, चार त्यांच्या. उरलेला डावा कोपरा पाळीपाळीने.

पहिल्याच सामन्याला संध्याकाळी नदीवरून धुकं चढलं. आधी कुंपण दिसेनासं झालं, मग गवत, मग अख्खा डावा कोपरा. त्यात दोन गावांच्या जुन्या लाल-निळ्या रंगांवरून भांडण नको म्हणून नवे शर्ट शिवले होते करडे. पोरगं दहा पावलं लांब गेलं की नुसती टोपी तरंगताना दिसायची.

पाहुण्या संघाच्या पोराने चेंडू हाणला. तो थेट डावीकडच्या धुक्यात गेला. पोरगा धावत सुटला. पहिला तळ, दुसरा, तिसरा. चौथा, म्हणजे 'घर', गाठला की धाव पूर्ण. आणि एकाएकी धुक्यातून चेंडू सूं करत आला, थेट घर राखणाऱ्या कॅचरच्या हातात. पोरगा घरापासून हातभर अंतरावर बाद!

"वा!" व्हास्को उडालेच. "कुणाला उभं केलंत हो तिथे?"

"मी?" डार्लाबाई म्हणाल्या. "आज तुमची पाळी होती."

"काहीतरीच काय! तुमची होती. माझे चार मैदानात, तीन बाकावर."

डार्लाबाईंनी आपली पोरं मोजली. चार मैदानात, चार बाकावर. त्यांनी पुन्हा मोजली. "मग... फेकला कुणी?"

ही कुजबुज घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या पालकांपर्यंत पोचायला कितीसा वेळ! एल्क फेरीच्या एक आजी ठासून म्हणाल्या, "असा थ्रो आमच्या गावचं मेलेलं माणूसच करू जाणे."

"तर काय!" ड्रम हिलमधून उत्तर आलं. "जिवंतांना कधी जमला नाही!"

पाहुण्यांचा कोच तणतणत आला. "आमचा पोरगा बाद केला कुणी? नाव सांगा!"

पंच होते टायटेल. एरवी त्यांचा धंदा अंत्यविधीचा, त्यामुळे ते बिचकत नसत. "नाव लागेल," ते शांतपणे म्हणाले. "खेळाडू जिवंत असावा असं नियमात नाही, पण नाव हवं."

व्हास्को निघाले. सगळं गाव बघत होतं, मागे हटता येईना. डार्लाबाई त्यांची बाही घट्ट धरून मागोमाग. चार पावलांत मागचे आवाज बुजले. ओल्या गवताचा वास तेवढा येत होता. समोर करडं काहीतरी उभं होतं. हलत नव्हतं.

"क... कोण आहे?"

"मी. नोएमी."

दहा-अकरा वर्षांची मुलगी. हातमोजा तिच्या तोंडापेक्षा मोठा.

"कुणाची गं तू?" डार्लाबाईंच्या जिवात जीव आला.

"साल्सेदोंची."

"तसं नव्हे. ह्या काठाची की त्या?"

"आम्ही पुलाखाली राहतो, ट्रेलरच्या फिरत्या घरात. बाबा पूल रंगवतायत." तिने नाक पुसलं. "पहिल्या सरावापासून येते मी. यांना वाटतं मी तुमची, तुम्हाला वाटतं मी यांची. बाकावर कुणी सरकत नाही, म्हणून इथे येऊन उभी राहते."

व्हास्कोंना आठवलं. मागच्याच आठवड्यात एका पोरीला आपण म्हणालो होतो, 'बाजूला हो, तुझ्या कोचला विचार.' धुक्यात आला नव्हता एवढा काटा त्यांच्या अंगावर आता आला.

दोघं तिला घेऊन परत आले. नाव ऐकून पंचांनी विचारलं, "ही कुणाकडची?"

"आमची!" दोन्ही कोच एकदम म्हणाले.

झालं! पुन्हा जुंपली. "सापडली माझ्या पाळीत!" "आत्ता तर 'तुमची पाळी' म्हणत होतात!" पाहुण्यांचा कोचही मधे पडला. पंचांनी धुकं विरेपर्यंत खेळ थांबवला, पण भांडण कोण थांबवणार?

नोएमीने थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाली, "मी तिकडेच जाते. तिकडे हे ऐकू येत नाही." आणि ती करड्यात करडी होऊन गेली.

दम खायला दोघं थांबले तेव्हा डार्लाबाईंनी सहज मागे पाहिलं. बाक रिकामा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती बियांची टरफलं. मैदानातली पोरंही जागेवर नव्हती. पाहुण्यांचीसुद्धा.

"एल्क फेरी! इकडे या!" व्हास्को ओरडले.

"ड्रम हिल!" डार्लाबाईंनी हाक मारली.

धुक्यातून कुणी ओ दिली नाही. आत कुठेतरी खूप पोरं हसत होती. मग एक चेंडू घरंगळत आला आणि व्हास्कोंच्या बुटाशी थांबला.

"काका, बॉल द्या ना!"

"कुणाचं हो हे पोरगं?" डार्लाबाईंनी हळूच विचारलं.

व्हास्को बराच वेळ कान देऊन उभे राहिले. काही केल्या ओळख पटेना. शेवटी त्यांनी चेंडू उचलला आणि आवाजाच्या रोखाने भिरकावून दिला.