मेत्रे सरांच्या भिंतीतली एक वीट

अन्याय झालाय तो हळ्ळीखेडच्या बिराप्पा मेत्रे सरांवर आणि त्यांच्या धाकट्या भावावर, मल्हारीवर. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आदल्या दिवशी सकाळी, गाव आंब्याची पानं तोडायला गेलेलं असताना. अन्याय करणारा मल्हारीचाच मुलगा, सिद्धू. हत्यार एक वीट आणि घमेलंभर सिमेंट. दोन भावांच्या घरांमधल्या भिंतीत विटेएवढं भोक होतं, ते त्याने बुजवलं.

हसलात ना? गावही हसलं. पंचायतीत मी विषय काढला तर तिथले एक साहेब म्हणाले, "ताई, नळाचं पत्रक काढलीस, बसचं काढलीस, आता भोकाचं काढायलीस व्हय?"

व्हय, भोकाचंच. पण भोक समजायचं तर आधी सर समजायला हवेत, आणि ते जरा अवघड काम आहे.

मेत्रे सरांना "बरं आहे का?" असं विचारू नये. ते उभे राहतात, विचार करतात आणि खरं उत्तर देतात. "कातडीचं बरं चाललंय. जुन्या पेशी जायल्यात, नव्या यायल्यात. आतड्याचंबी तसंच. मेंदूचं काय सांगता येत न्हाई, तिथं नवी भरती जवळजवळ बंद हाय." विचारणारा तोपर्यंत बसस्टँडला पोचलेला असतो.

हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, पण खरं शिकवलं एकच प्रकरण, पेशींची वाढ आणि विभाजन. बाकीची प्रकरणं ते "वाचून घ्या" म्हणायचे. घराच्या प्रत्येक खिडकीत काचेचा पेला, पेल्यावर कांदा, कांद्याची मुळं पाण्यात. मुळाच्या टोकाशी विभाजन जोरात चालतं, तिथलं चिमूटभर कापायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. बाजारात ते कांदा निवडताना वरून बघत नाहीत, उलटा करून बूड बघतात. बागवान ओरडतो, "सर, खानेका है या पढानेका?" सर सांगतात, "पढानेका." मग बागवान दुसरी टोपली पुढे ढकलतो. एकदा पेल्यावर बसलेला कांदा ते कधी खात नाहीत. "नोकरी केलाय बिचारा," म्हणतात.

आम्ही बौद्ध वस्तीतली पोरं वर्गात मागे बसायचो. पहिल्याच आठवड्यात सरांनी सगळ्यांना काडीने गालाच्या आतला भाग हळूच खरवडायला लावला, काचेवर पुसायला लावला आणि सगळ्या काचा एकत्र मिसळून टाकल्या. मग एकेकाला बोलावून विचारलं, "ह्यातली पाटलाची कोणती, कांबळ्याची कोणती, सांग बघू." पाटलाचा पोरगा बराच वेळ डोळा लावून बसला. शेवटी म्हणाला, "सर, माझी जरा मोठी असंल." त्या दिवसापासून मला हा माणूस आवडतो. हे पक्षपाती लिखाण आहे, असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

लग्नात त्यांच्या हाती माइक द्यायचा नाही, हा गावचा नियम. एकदा दिला होता. "एकाचे दोन होणं सोपं हाय, ते कांद्यालाबी जमतंय," सरांनी वधूवरांना सांगितलं. "दोघांचं एक होणं अवघड. त्याच्यासाठी दोघांनीबी आपलं अर्धं सोडावं लागतंय." इथवर ठीक होतं. पुढे ते अंडपेशीवर गेले आणि नवरीच्या मामाने वायर उपटली.

सायकलवरून पडून कुणाचं कोपर फुटलं तरी सर धावत येतात. एका हाताने पट्टी बांधतात, तोंडाने चालूच. "भिऊ नको, कडेच्या पेशी कामाला लागल्यात. त्या सरकत यायल्यात, दुप्पट व्हायल्यात, एकमेकीला भेटल्या की थांबतील. कुठं थांबावं ते त्यांना कळतंय. माणसाला कळंना." रक्त थांबतं. सर थांबत नाहीत.

पण गाव त्यांना खरं घाबरतं ते वाटणीत. भावाभावांची वाटणी आहे, पंच बसलेत, असं कानावर आलं की सर न बोलावता हजर. खिशातून खडू काढतात आणि शहाबादी फरशीवर भलामोठा गोल काढतात.

"पेशी वाटणी कशी करती बघा. आधी खाती, वाढती. मग आतलं जे काय हाय त्या सगळ्याची दुसरी जोड तयार करती, एक गुणसूत्रबी कमी न्हाई. मग सगळे मधोमध रांगेत उभे. मग एक हिकडं, एक तिकडं. भांडण कामून होत न्हाई? आधी दुप्पट, मग वाटणी! तुम्ही आधी वाटणी करायलाव अन् मग आयुष्यभर दुप्पट करायच्या मागं."

एका पंचाने हात जोडून विचारलं होतं, "सर, जमीन दुप्पट कशी करायची तेवढं सांगा, आम्ही आत्ता सह्या करतो."

त्यांचे वडील वारले आणि त्यांच्याच घराची वाटणी निघाली, तेव्हाही सरांनी खडू काढला. मल्हारी शेती आणि मेंढरं बघणारा, कमी बोलणारा माणूस. त्याने गोल बघितला, सूत्रं बघितली. सर रांगेपर्यंत आले तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "अण्णा, बाप मेलाय आपला. तू कांदा शिकवायलास." सरांनी खडू खाली ठेवला नाही. शब्दाला शब्द लागला. शेवटी मल्हारीने बिरोबाचा भंडारा मुठीत घेतला आणि पंचांसमोर आण घेतली की ह्या जन्मात तुझा उंबरा ओलांडणार नाही. रागाच्या भरात सरांनीही भंडारा उचलला आणि तीच आण घेतली. मेत्र्यांच्या घरात ही साधी गोष्ट नाही. आण मोडली की घरातलं एक माणूस जातं, असं ते पिढ्यानपिढ्या मानत आलेत.

मग मधली भिंत. इथेही सर गप्प बसले नाहीत. त्यांचं म्हणणं, जनावराची पेशी कमरेत आवळत आवळत तुटते, तशी वाटणी नको. झाडाची पेशी तुटत नाही, ती मधे भिंत घालते, आणि ती भिंत मधोमध सुरू होऊन कडांकडे वाढत जाते. तेव्हा भिंत मधूनच सुरू करायची.

"ओ सर," मेस्त्रीने कपाळाला हात लावला, "दिवार बीच से कौन उठाता जी?"

"झाड उठाता."

दोन्ही टोकं मोकळी असलेली ती भिंत बघायला शेजारच्या खेड्यांतून लोक आले होते. नंतर सरांनी आणखी एक अट घातली. झाडाच्या पेशींमधल्या भिंतीला बारीक छिद्रं असतात, त्यातून अन्न आणि निरोप इकडचे तिकडे जातात, म्हणून एक वीट लावायची नाही. मल्हारी पाठ फिरवूनच मेस्त्रीला म्हणाला, "ठेव म्हणावं. मांजराला बरं पडंल."

तर ते भोक असं आलं. वर्षानुवर्षं भाऊ बोलले नाहीत, पण भोक चालू राहिलं. मल्हारीची बायको कस्तुराअक्का त्यातून विरजण द्यायची. सरांची बायको होती तोवर ती इकडून चटणी द्यायची. ती गेल्यावर अक्काचं विरजण रोज यायला लागलं, मागितलं नाही तरी. मल्हारीच्या विडीचा धूर त्यातूनच यायचा. साऱ्या गावाला विडीवरून झापणाऱ्या सरांनी त्या धुराबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

गेल्या पावसाळ्यात मल्हारीला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अक्काने त्याची बाज भिंतीला लावली, भोकाच्या अगदी जवळ. दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडून आवाज आला, "मल्हारी, मेंदूची मेलेली पेशी परत येत न्हाई. मी तुला खोटं सांगणार न्हाई. पण ज्या राहिल्यात त्या एकमेकीशी नव्या ओळखी करून घेत्यात. त्यांना काम दे. ऐकायलास का? ऐकत असशील तर डाव्या हातानं भिंत ठोक."

सरांनी भिंतीला कान लावला. मग टक.

अबोला असा संपला. "आता त्यो बोलूच शकत न्हाई, भांडणार कसा," अक्का मला म्हणाली. हसत म्हणाली, पण पदर डोळ्याला लावून. सरांनी दुपारचा वर्ग सुरू केला, नववीचं प्रकरण पहिल्यापासून. हो असेल तर एकदा ठोकायचं, नाही असेल तर दोनदा. मल्हारी बहुतेक वेळा दोनदा ठोकायचा. फाल्गुनात सरांनी पेला भोकात ठेवला आणि विचारलं, "हे काय हाय? ठोकू नको. सांग." मल्हारीचं तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि शब्द आला, "कां...दा."

सर त्या दिवशी पेढे वाटत फिरले. का, ते त्यांना कुणाला धड सांगता येईना.

आणि उगादीच्या आदल्या दिवशी भोक बंद झालं.

सिद्धू वाईट नाही. बापाला दोन हातांवर उचलून न्हाणीत नेतो, मी बघितलंय. पण त्याचं लग्न ठरलंय, पाहुणे यायचेत, त्याने भिंतीला गिलावा करून घेतला. मी भांडायला गेले तर म्हणाला, "मोठे अप्पा दिवसभर पेशी-पेशी करून आमच्या अप्पाचं डोकं खायलेत. बोलायचं असंल तर दारानं या म्हणावं. दार कुणी बांधून ठेवलंय?"

मोबाइलही करून बघितला. सरांना फोनवर घेऊन मी स्क्रीन मल्हारीच्या तोंडापुढे धरली. तो फोनकडे बघेना. मान वळवून गिलाव्याकडेच बघत राहिला.

मग मी सरांवर चिडले. म्हटलं, सर, तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवलं. मूठभर हळदीला घाबरता? चार पावलं चालून जा ना दारातून.

सर पेल्यातलं पाणी बदलत होते.

"मी घाबरत न्हाई, बाळ," ते म्हणाले. "भंडाऱ्यानं पेशीचं काय वाकडं होत न्हाई. मला ठाऊक हाय. त्याला ठाऊक न्हाई. मी उंबरा ओलांडलो की त्याला वाटंल, आण मोडली, आता माणूस जाणार. अन् आजारी कोण हाय? त्यो. बाजंवर पडून त्यो भीतच राहील. तेवढ्यासाठी मी आत जाऊ व्हय?"

मग इकडून तुम्हीच फोडा की वीट, मी म्हणाले.

"एका बाजूनं फोडलं तर ती जखम. छिद्र दोन्हीकडनं असावं लागतंय."

आता दुपारी सर भिंतीशी बसतात. पहिले काही दिवस ओरडून शिकवायचे, घसा बसला. पलीकडे टीव्ही चालू असतो. त्यातूनही कधी कधी टकटक ऐकू येते, एकदा नाही, दोनदा नाही, नुसती चालूच.

"काहीतरी विचारायलाय," सर म्हणतात. "काय ते कळंना मला."

अक्काचं म्हणणं, त्याला आलेला तो एक शब्दही आता येईनासा झालाय.

हे वाचणाऱ्यांनो, नुसतं वाईट वाटून घेऊ नका, त्याचा मल्हारीला उपयोग नाही. मन्नाएखेळ्ळीला हायवेवर सिद्धूचं चहाचं हॉटेल आहे. चहा चांगला असतो, खोटं कशाला बोलू. हैदराबादला जाता-येता तुम्ही तिथे थांबताच. थांबा, चहा प्या. पैसे देताना त्याच्याकडे सरळ बघा आणि विचारा, "सिद्धू, वीट कधी काढायलास?" आणि तो उत्तर देईपर्यंत काउंटरसमोरून हलू नका.